'वधू पाहिजे' : स्मृतीपासून जाहिरातीपर्यंत

एक

मराठीत वाङ्मयप्रकारांची चर्चा पुष्कळ झाली आहे. कथा, कादंबरी, कविता, नाटक यांच्या तंत्रावर आणि आशयावर ग्रंथ लिहिले गेले. ललित निबंधासारख्या नाजूक प्रकारालाही समीक्षक मिळाले. परंतु मराठी मध्यमवर्ग जो मजकूर सर्वांत एकाग्रतेने वाचत आला, ज्याच्या ओळीओळीखाली पेन्सिलीने खुणा करीत आला, त्या मजकुराकडे आपल्या समीक्षेने गंभीरपणे पाहिलेले नाही. मी 'वधू पाहिजे' आणि 'वर पाहिजे' या सदरांविषयी बोलते आहे. हा मजकूर वर्तमानपत्राच्या पानावरून विवाहमंडळांच्या वह्यांत गेला, तेथून संकेतस्थळांवर आणि आता मोबाइलवरच्या गटांवर गेला. कागद बदलला, भाषा मात्र तीच राहिली. जी भाषा इतक्या स्थित्यंतरांतून जशीच्या तशी टिकून राहते, तिच्यामागे केवळ सवय नसते. एक व्यवस्था उभी असते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. पदवीच्या वर्गाला उपयोजित मराठी या विषयात जाहिरातलेखन शिकवावे लागते. जाहिरात थोडक्यात असावी, गिऱ्हाईक ओळखून लिहिलेली असावी, वस्तूचे गुण ठसवणारी असावी, असे पाठ्यपुस्तक सांगते. त्यातील नमुने साबणाचे, पंख्याचे, बियाण्यांचे असतात. मी विद्यार्थ्यांना वधूवर सदराचे पान वाचावयास दिले. पाठ्यपुस्तकातील सगळे नियम या पानावर इतके काटेकोर पाळलेले होते की नव्याने शिकवण्यासारखे काही उरलेच नाही.

या प्रकाराचे व्याकरण प्रथम पाहिले पाहिजे. जाहिरातीचा आरंभ जातीने होतो. जातीनंतर पोटजात, मग वय, उंची, शिक्षण, पगार. वराविषयी जे सांगितले जाते ते नामांनी सांगितले जाते : नोकरी, फ्लॅट, शेती, गाडी. वधूविषयी जे मागितले जाते ते विशेषणांनी मागितले जाते : गोरी, सडपातळ, सुस्वरूप, निर्व्यंगी, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ. पुरुषाजवळ काय आहे हे सांगावयाचे आणि स्त्री कशी आहे हे विचारावयाचे, असा हा वाटा आहे. अलीकडे 'नोकरी करणारी' हे आणखी एक विशेषण जोडले गेले आहे. त्यामुळे 'गृहकृत्यदक्ष' मात्र कोणी खोडलेले नाही.

काही शब्द तर थबकून वाचावेत असे आहेत. मूल नसलेल्या घटस्फोटितेला वा विधवेला येथे 'विनापाश' म्हणतात. आईपणाचा एरवी जो जयजयकार चालतो तो या पानाच्या दाराशी थांबतो; दुसऱ्या पुरुषाचे मूल येथे पाश, म्हणजे फास, ठरते. थोडे दिवस नांदून परतलेल्या मुलीचे लग्न 'नाममात्र' म्हणून छापले जाते. त्या एका शब्दात तिच्या देहाविषयीची जी ग्वाही दिली आहे, ती कोण कोणाला देतो आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आणि सर्वांत शेवटी येतो तो 'क्षमस्व'. 'एस.सी., एस.टी. क्षमस्व'. पुष्कळदा त्याच्या आधीच्या ओळीत 'आंतरजातीय चालेल' असेही लिहिलेले असते. म्हणजे 'आंतरजातीय' या शब्दाची व्याप्ती कोठे संपते, याची व्याख्याच येथे करून ठेवली आहे. क्षमा अपराध घडल्यानंतर मागावयाची असते. येथे ती अपराधाआधीच मागून घेतली आहे, आणि ज्याचा अपमान केला त्याच्याकडूनच सभ्यतेचे प्रशस्तिपत्र मिळावे अशी सोय केली आहे. गावकुसाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला पूर्वी 'लांब हो' म्हणत. आता संस्कृतात म्हणतात.

दोन

या जाहिराती पाश्चात्त्य चंगळवादाची देणगी आहेत, असे सांगणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. आमच्या संस्कृतीत स्त्री देवता होती, जाहिरातदारांनी तिला वस्तू केले, असे त्याचे म्हणणे. हे म्हणणे तपासून पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी त्याच संस्कृतीचा प्रमाणग्रंथ उघडला पाहिजे.

मनुस्मृतीतील स्त्रीविषयक वचनांपैकी स्त्रीला स्वातंत्र्य नाकारणारे वचन सर्वांच्या तोंडी असते. तिसऱ्या अध्यायात वधू कशी निवडावी याचे जे नियम आहेत त्यांची चर्चा त्या मानाने कमी होते. तेथे मनू सांगतो की पिंगट केसांची, अधिक अवयव असलेली, रोगी, अंगावर लव नसलेली किंवा फार असलेली, फार बोलणारी, पिंगट डोळ्यांची मुलगी करू नये. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांची नावे असलेली करू नये. हीन जातीचे वा दास्याचे नाव असलेली करू नये. करावी ती कोणती? जिचे नाव गोड आहे, चाल हंसासारखी वा हत्तीसारखी आहे, केस आणि दात बारीक आहेत, अंग मृदू आहे. आणि या यादीचा आरंभ ज्या विशेषणाने होतो ते आहे 'अव्यंगांगी'. रविवारच्या पानावरील 'निर्व्यंगी' ही तिचीच नात होय.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नदीचे नाव असलेली मुलगी करू नये, असे मनूने सांगितले. पण महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांतही गंगा, यमुना, गोदावरी या नावाच्या सुना पिढ्यान् पिढ्या नांदल्या. नक्षत्राचे नाव नको म्हटले. रोहिणी आणि रेवती घरोघरी आल्या. म्हणजे स्मृतीचे नियम मोडता येत होते, आणि कोणाला प्रायश्चित्त घ्यावे लागत नव्हते. मोडला गेला तो नावाचा नियम; राखला गेला तो वर्णाचा. परंपरा आंधळी असते असे आपण म्हणतो. ती आंधळी मुळीच नसते. काय सोडावयाचे आणि काय धरून ठेवावयाचे याचा हिशेब ती नीट जाणते.

हा हिशेब दहाव्या अध्यायात उघड होतो. तेथे मनू चांडाळाची उत्पत्ती सांगतो. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती ती चांडाळ. ती मनुष्यांमध्ये अधम. तिने गावाबाहेर राहावे. इतिहास म्हणून या कथेला काडीचीही किंमत नाही. पण व्यवस्थेला कशाची भीती वाटत होती, याचा कबुलीजबाब म्हणून तिचे मोल मोठे आहे. उच्चवर्णीय पुरुषाने खालच्या वर्णाची स्त्री केली तर त्याला अनुलोम म्हणून वाट ठेवली होती. उच्चवर्णीय स्त्रीने खालच्या पुरुषाची निवड केली तर तिच्या पोटच्या लेकरावर कायमचे गावकूस बंद होत होते. मनूच्या या कथेत अस्पृश्यता ही स्त्रीच्या निवडीला दिलेली शिक्षा आहे.

ज्यांना दलितांचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, एक आधी सोडवू आणि दुसरा सवडीने पाहू असे जे म्हणतात, त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, तो या दोन्ही बेड्या एकाच भट्टीत घडवणारा ग्रंथ होता.

तीन

हे नाते प्रथम शास्त्रीय रीतीने कोणी उलगडले असेल, तर ते बाबासाहेबांनी. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. बाहेर लग्न न करणे हेच जातीचे सार, हा त्या निबंधाचा गाभा. जात बंद ठेवावयाची तर तिच्यातील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पती आधी वारला तर स्त्री 'जास्तीची' होते. ती जातीबाहेर लग्न करील हा धोका. मग तिला पतीबरोबर जाळावयाचे, किंवा आयुष्यभर विधवा ठेवावयाचे. पत्नी आधी वारली तर पुरुष जास्तीचा होतो. पण तो पुरुष आहे, त्याला जाळता येत नाही. त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणावयाची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी म्हणजे जातीच्या भिंतीला दिलेले तीन टेकू होत.

या निबंधातील आणखी एक विचार मला आजच्या जाहिरातीच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. या रूढींचे गौरवगान ऐकून त्या गौरवासाठी सुरू झाल्या असे समजू नये. त्या चालू होत्या म्हणून त्यांचा गौरव करावा लागला, असे बाबासाहेब सुचवतात. गरज आधी येते, काव्य मागून येते. चिता आधी रचली जाते, पातिव्रत्याची गाणी नंतर रचली जातात. जाहिरातीचे शास्त्र याहून वेगळे काय सांगते?

या तीन रूढींवर कायद्याने घाव घातला गेला. सतीवर १८२९ साली बंदी आली, विधवाविवाहाला १८५६ साली मान्यता मिळाली, बालविवाहाला १९२९ साली आळा घालण्यात आला. टेकू काढले गेले. भिंत मात्र उभीच राहिली. देवराला येथे १९८७ साली सतीची चिता पेटली, तेव्हा हजारो लोक दर्शनाला गेले, हे आपण पाहिले आहे.

भिंत उभी राहण्याचे कारण असे की स्त्रीचे शरीर हीच जातीची पाटी आहे. तिने काय नेसावे, कसे नेसावे, अंगावर काय घालावे, केस ठेवावेत की नाही, यावरून ती कोणाची आहे हे दुरून वाचता आले पाहिजे. सधवेचे कुंकू ही मालकाची खूण आहे, आणि विधवेचे मुंडन ही मालक मेल्याची. त्रावणकोरात नाडर स्त्रियांनी छाती झाकावी की नाही यावर दंगली झाल्या. १८५९ साली संस्थानाने त्यांना अंग झाकण्याची मोकळीक दिली, तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घ्यावयाचे नाही या अटीवर! म्हणजे आक्षेप उघड्या अंगाला नव्हता, झाकलेल्या अंगालाही नव्हता. पाटी पुसली जाते याला होता. आपल्याकडे महारणीने लुगड्याचा काठ दिसू न देता नेसावयाचे, हा नियम बेबीताई कांबळे यांनी नोंदवून ठेवला आहे. गुन्हा काठाचा नव्हता. काठ दिसला तर बाई कोणाची हे ओळखू येईना, हा गुन्हा.

म्हणूनच महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी बोलले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. लुगडे पायघोळ नेसा, अंगावर वागवलेले ते कथलाचे, चांदीचे ओझे टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. काही विद्वानांना हे वरच्या जातींचे अनुकरण वाटते. मला तसे वाटत नाही. ते वस्त्र म्हणजे अस्पृश्य स्त्रीच्या अंगावर लावलेली सक्तीची जाहिरात होती. बाबासाहेबांनी ती फाडावयास सांगितली. पोथी जाळण्याचे आणि लुगडे बदलण्याचे काम एकच होते. एक मैदानात झाले आणि दुसरे घरोघरी.

चार

आता बाजाराकडे येऊ. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारतात आले. त्याच्या जाहिरातींची कथावस्तू वर्षानुवर्षे एकच होती : सावळी मुलगी, नाकारलेले स्थळ किंवा हुकलेली नोकरी, मग नळी, मग उजळलेला चेहरा आणि दारात आलेले सुख. मुलीच्या कमाईवाचून घर अडले आहे आणि बापाला मुलगा नसल्याची खंत आहे, अशा आशयाच्या एका जाहिरातीविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली, आणि २००३ साली ती मागे घेतली गेली. २०१४ साली जाहिरातदारांच्या मानक परिषदेने सावळ्या माणसांना दुःखी, कुरूप वा अयशस्वी दाखवू नये असा नियम केला. २०२० साली अमेरिकेत काळ्या माणसाच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनाची झळ येथवर पोचली आणि मलमाच्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. त्याच सुमारास 'शादी डॉट कॉम' या प्रसिद्ध विवाहस्थळानेही वर्णानुसार स्थळे गाळून पाहण्याची सोय काढून टाकली.

या घटनेचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. परंतु रंगाची चाळणी काढणाऱ्याने जातीची चाळणी जागच्या जागी ठेवली. आक्षेप घेणाऱ्यांतील फार थोड्यांना यात काही विसंगत वाटले. असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण सरळ आहे. रंग हा बाजाराचा माल आहे. एक नाव पडले तर दुसऱ्या नावाने तो विकता येतो. जात हा माल नाही. जात हे ज्या चौथऱ्यावर दुकान मांडले आहे तो चौथरा आहे. दुकानदार माल बदलतो, चौथरा खणीत नाही.

बाजार जात मोडील, असे आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांना मनापासून वाटते. शहर आले, पैसा आला की जात गळून पडेल, ही ती आशा. बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या एका बंगाली दैनिकातील विवाहविषयक जाहिरातींचा अभ्यास करून २०१३ साली निबंध प्रसिद्ध केला. जातीतला वर मिळावा यासाठी वधूपक्ष निरक्षर आणि एम.ए. यांतील अंतर पत्करावयास तयार असतो, इतके जातीचे वजन त्यांना आढळले. देशव्यापी मानवविकास पाहणीत २०११-१२ साली आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के निघाले. आमच्या शिक्षणाला या बाजारात काय भाव आहे, तो या आकड्यांत दिसतो. आमची मुले पदव्या घेऊन त्या पानापर्यंत पोचतात आणि तेथे त्यांना 'क्षमस्व' भेटते.

जाहिरातीतील स्त्री गोरी का असते, याचे उत्तर केवळ सौंदर्यदृष्टीत शोधून भागणार नाही. उन्हात काम न करणारी ती गोरी. काळवंडणे ही श्रमाची खूण आहे, आणि आपल्या समाजात श्रम ही जातीची खूण आहे. मलम लावणाऱ्या मुलीच्या घरी भांडी घासणारी बाई त्या पडद्यावर मलम लावताना कधी दिसली आहे काय? लावणीतली नायिकाही शाहिरांनी गोरी, नाजूकच रंगवली; ती लावणी पायांत चाळ बांधून नाचली कोण, तर महार, मांग, कोल्हाटी यांच्या लेकी. शब्दातली स्त्री एका जातीची आणि फडावरची स्त्री दुसऱ्या जातीची, ही फारकत बाजाराने आणलेली नाही. ती बाजाराला आयती मिळाली.

या फारकतीचा शेवट कोठे होतो तो बीड जिल्ह्यात पाहावा. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने तेथील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड. या कोयत्यांत दलित आहेत, भटके-विमुक्त आहेत, कोरडवाहू तुकड्यावर न भागणारे इतरही आहेत. एका बाजूला 'निर्व्यंगी' वधू हवी म्हणून जाहिरात द्यावयाची, कारण तिच्या पोटी वंश वाढवावयाचा आहे. दुसऱ्या बाजूला जिच्याकडून नुसते हात हवेत, तिचे गर्भाशय कामात अडथळा म्हणून काढले जाते. हे दोन समाज नाहीत. ही एकाच समाजाची स्त्रीविषयीची दोन मापे आहेत.

पाच

येथवर सवर्ण समाजाची झडती घेतली. आता ती आपल्या घराचीही घेतली पाहिजे. नाही तर हे लेखन म्हणजे परक्याच्या अंगणात फेकलेला दगड ठरेल.

माझ्या आजीच्या लग्नात तिच्या बापाने देज घेतली होती. कष्ट करणारे माणूस घरातून जाते, म्हणून मुलाकडच्यांनी द्यावयाची ती देज. तीही स्त्रीचा सौदाच होता, तिचे उदात्तीकरण मी करणार नाही. पण त्या सौद्यात तिच्या हातांना किंमत होती. माझ्या आईचे लग्न बौद्ध पद्धतीने झाले, दोन्हीकडून एक पैसा दिला-घेतला गेला नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात मोटारसायकल आणि सोने द्यावे लागले. मुलगा शासकीय नोकरीत होता. तीन पिढ्यांत आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, पक्क्या घरात आलो आणि हुंड्यापर्यंत पोचलो. १९६१ पासून हुंडा बेकायदा आहे. त्याला 'मुलीला हौसेने दिले' असे म्हणण्याची सवर्णांची युक्तीही आम्ही शिकलो. प्रगतीचा हा कोणता जिना आपण चढतो आहोत?

आपल्या वधूवर परिचय मेळाव्यांचे अर्ज पाहावेत. व्यासपीठावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते आणि अर्जात 'वर्ण' असा रकाना असतो. त्यात बाप 'गोरा' किंवा 'निमगोरा' असे भरतो. 'काळी' असे भरलेले मी पाहिलेले नाही. पोटजातीचा रकाना काही ठिकाणी उघड असतो, काही ठिकाणी मूळ गाव विचारून तो भरून घेतला जातो. बौद्धांना मातंग सून चालत नाही, चर्मकारांना बौद्ध जावई चालत नाही. जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि शास्त्रांवरील श्रद्धेचा नाश, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले. आपण शास्त्रावरील श्रद्धा सोडली. शास्त्राने घालून दिलेली सोयरीक मात्र जपून ठेवली.

आणि आपले साहित्य? दलित साहित्याने मराठीला जे दिले ते मी येथे पुन्हा सांगत बसत नाही. मी त्या साहित्यावरच वाढले. परंतु त्या साहित्यात बराच काळ दोनच स्त्रिया दिसल्या : राबून मरणारी आई आणि वस्तीतली विटंबित स्त्री. दोघीही खऱ्या आहेत, दोघींनीही वाचकाला हादरवले आहे. पण दोघींनाही कोणीतरी पाहतो आहे. त्या स्वतः पाहत नाहीत. आईच्या दुःखावर मुलगा कविता लिहितो. त्या आईला बापाने मारले तेव्हा तिच्या मनात काय आले, हे त्या कवितेत फार क्वचित येते. दास्याची जबाबदारी व्यवस्थेवर टाकणारी ही लेखणी घरातील हाताशी आल्यावर मवाळ होते.

ही उणीव स्त्रियांनी स्वतः लिहून भरून काढली. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली आले. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही दोन्ही १९८६ साली पुस्तकरूपाने आली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्या तोंडून इतिहास ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. उर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ मधले. या पुस्तकांत प्रथमच व्यवस्थेचा मार आणि नवऱ्याचा मार एकाच पानावर आले. बेबीताईंनी आपले लेखन घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले होते. समाजाची कैफियत मांडणाऱ्या बाईला आपलेच कागद आपल्याच घरात दडवावे लागले, यावर आपल्या समीक्षेने पुरेसे चिंतन केलेले नाही.

कुमुद पावडे यांची नोंद तर आपल्या विषयाच्या मर्मावरच बोट ठेवते. संस्कृत विषयात प्रावीण्य मिळवूनही माहेरच्या सोमकुवर या नावाने त्यांना प्राध्यापकी मिळेना. कुणबी समाजातील पतीशी विवाह झाल्यावर, पावडे या नावाने, ती मिळाली. त्याचे श्रेय आपल्या विद्वत्तेला नसून त्या आडनावाला आहे, असे त्यांनीच लिहिले. येथेही पाटीच बदलली होती. ज्ञान तेच होते. स्त्रीचे कर्तृत्व वाचण्याआधी तिच्यावरचा शिक्का वाचणारा समाज विद्यापीठातही तोच असतो, आणि रविवारच्या पानावरही तोच.

सहा

मग या 'पाहिजे'ला उत्तर काय? मला ते उत्तर आपल्याच परंपरेत, पण दुसऱ्या परंपरेत सापडते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी भटाविना लग्ने लावली. त्या विवाहविधीत जोतीरावांनी वधूला बोलावयास लावले. स्त्रियांना मानवी हक्क नाहीत हे ती वराला सुनावते, ते मिळवून देण्याची हमी मागते, आणि वर सर्वांसमक्ष ती देतो. मनूच्या यादीत फार बोलणारी मुलगी त्याज्य आहे. सत्यशोधक विवाहात मुलगी बोलल्याखेरीज लग्नच लागत नाही. दोन संस्कृतींमधील फरक याहून स्पष्ट कोणत्या शब्दांत सांगावा? ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली निघाली तीही याच हवेत, आणि तिच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा पाठीशी उभे राहिले तेही जोतीरावच.

'पाहिजे' या क्रियापदाचा कर्ता कोण, हाच खरा प्रश्न आहे. वधू पाहिजे, वर पाहिजे, पाहिजे कोणाला? बापाला, भावकीला, जातीला. मुलीला काय पाहिजे हे विचारणारा रकाना नाही. तिने तो न विचारता भरला तर काय होते हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोनईने २०१३ साली आणि खर्ड्याने २०१४ साली दाखवून दिले. सवर्ण मुलीशी प्रेमाचा वा नुसत्या बोलण्याचा संशय आपल्या तरुण मुलांच्या जिवावर बेतला. खर्ड्याच्या खटल्यात २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. या हत्यांचा आपण निषेध केला, मोर्चे काढले, ते आवश्यकच होते. परंतु अशा प्रत्येक प्रकरणात आणखी एक माणूस असते, जिच्या निवडीची भीती वाटून हे सारे घडते. आणि तिच्याविषयी दोन्ही बाजू गप्प असतात. मनूच्या दहाव्या अध्यायातील ती स्त्री आजही मुकीच आहे.

कायद्यानेही तिच्या वाटेत एक पाटी ठेवली आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावयाचे तर तीस दिवसांची नोटीस कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावावी, असे त्यात सांगितले आहे. जातीत लग्न करणारा जाहिरात देतो ती स्थळ मिळावे म्हणून. जातीबाहेर करणाऱ्याची जाहिरात सरकार देते, ती हरकती याव्यात म्हणून. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. ही नोटीस काढून टाका, ही मागणी आपल्या सभांच्या ठरावांत का नसावी?

पण सरकारकडे मागण्याआधी जे आपल्या हातात आहे ते केले पाहिजे. बौद्ध आणि दलित वधूवर मेळावे भरवणारी मंडळे आपली आहेत. अर्ज आपण छापतो. त्यातील वर्णाचा रकाना आणि पोटजातीचा रकाना काढून टाकावा. त्या जागी मुलीने स्वतःच्या अक्षरात, आपल्याला कसा जोडीदार हवा आणि लग्नानंतर आपण काय करणार आहोत, हे लिहावे. बापाने वा भावाने लिहून दिलेला अर्ज घेऊ नये. देण्याघेण्याची बैठक जेथे होईल त्या लग्नात कार्यकर्त्याने वंदना घेण्यास जाऊ नये. हे फार मोठे कार्यक्रम नाहीत. मेळाव्याचे पुढचे अर्ज छापावयास जातील तेव्हा दोन ओळी खोडावयाच्या आहेत आणि एक कोरी जागा सोडावयाची आहे. त्या कोऱ्या जागेत आपल्या मुली काय लिहितात, ते वाचण्याची तयारी मात्र आपण ठेवली पाहिजे.